साहेबांचं 'पुट अप', मुलीचं 'पुट अप विथ' आणि पुतण्याचं 'पुट मी अप'

पायवाट

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेत आहे. बदल्या, रजा, वेतनवाढी, सेवापुस्तकं हे माझं टेबल. आमची टिपणी मराठीत जाते, पण वरून येणारे शेरे अजून इंग्रजीतच असतात. 'प्लीज पुट अप', 'पुट अप ऑन मंडे', 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स'. इतकी वर्षं हे शेरे वाचतेय, त्याप्रमाणे फाईल सादर करतेय, कधी काही अडलं नाही.

आता मुलगी दहावीत आहे. तिच्या वहीत 'पुट अप विथ म्हणजे सहन करणे' असं लिहिलंय. परवा मी घरी सहज साहेबांचा शेरा सांगितला, तर ती हसतच सुटली. म्हणाली, "आई, साहेबांनी तुला जुने कागद सहन करायला सांगितलेत." त्यात पुतण्या इंग्लंडात लीड्सला शिकायला गेलाय. खोली मिळेपर्यंत मित्राकडे राहतोय आणि फोनवर म्हणतो, "अ फ्रेंड इज पुटिंग मी अप." आमच्या ऑफिसात बदलून आलेल्या माणसाला सगळे विचारतात, "व्हेअर आर यू पुटिंग अप?" पुतण्या म्हणतो, काकू, इकडे असं कुणी विचारत नाही.

तर हे सगळं एकच क्रियापद आहे का? आणि रोजच्या बोलण्यात ते बिनचूक कसं वापरायचं? अर्थांची यादी नको, ती कुठेही मिळते. वाक्यात कुठला शब्द कुठे बसतो ते कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल. मुलीपेक्षा मलाच जास्त हवंय.

खमंग

मुलीचं बरोबर आहे. सरकारी कचेरीत जुने कागद सहनच करावे लागतात. टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांना थोडे आणि पलीकडे उभे राहणाऱ्यांना जरा जास्त.

(गंमत केली हो ताई. खरं उत्तर जाणकार देतीलच, मीही वाचायला थांबलोय.)

निवृत्त_नायब

ताई, माझी सगळी नोकरी महसुलात गेली. लिपिक, मग अव्वल कारकून, शेवटी नायब तहसीलदार. आता कराडात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. त्यामुळे तुमचं टेबल आणि तुमच्या मुलीची वही, दोन्ही माझ्या ओळखीची आहेत. जरा सविस्तर लिहितो.

आधी तो शेरा. 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स' यात साहेबांनी एक शब्द गिळलाय, तो म्हणजे फाईल. शेरा मारताना कुणी पूर्ण वाक्य लिहीत नाही. पूर्ण लिहिलं तर होईल, 'पुट द फाईल अप विथ द प्रीव्हियस पेपर्स'. म्हणजे आधीच्या कागदपत्रांसह फाईल सादर करा. यातला 'विथ' कागदांचा आहे, 'सह' या अर्थाचा. क्रियापदाशी त्याचं काही नातं नाही. उद्या साहेबांनी 'विथ' काढून 'बाय मंडे' लिहिलं तरी क्रियापद तेच राहील.

मुलीच्या वहीतला 'विथ' मात्र क्रियापदाला चिकटलेला आहे. 'पुट अप विथ' हे तीन शब्द मिळून एक क्रियापद. त्यातला एक काढला की अर्थच जातो. 'आय कान्ट पुट अप धिस नॉइज' म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल, कारण आवाज काही भिंतीवर टांगता येत नाही. 'आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज' असंच हवं.

दोन्ही ओळखायची एक सोपी खूण पोरांना सांगतो. 'पुट' आणि 'अप' यांच्या मध्ये एखादी वस्तू घालून बघायची. 'पुट द फाईल अप विथ द ड्राफ्ट' हे चालतं, म्हणजे हे सादर करण्याचं. 'पुट द नॉइज अप विथ' होतच नाही, तोंडातच अडखळतं, म्हणजे हे खपवून घेण्याचं. मोठ्याने म्हणून बघितलं तरी कळतं. सादर करण्याच्या वाक्यात 'अप'नंतर किंचित थांबता येतं: पुट अप, विथ प्रीव्हियस पेपर्स. दुसऱ्यात तसं थांबता येत नाही. जोर 'अप'वर पडतो आणि 'विथ' त्याच्या मागून घाईने निघून जातो.

तीन शब्दांची ही गाठ किती पक्की आहे यावर इंग्रजीत एक जुना विनोद आहे. वाक्याच्या शेवटी 'विथ'सारखा शब्द येता कामा नये असा हट्ट धरणारे पंडित तिकडेही होते. त्यांना चिडवायला कुणीतरी लिहिलं की असलं इंग्रजी म्हणजे 'अप विथ व्हिच आय विल नॉट पुट'. नियम पाळला, पण वाक्याचं पार भजं झालं. हा विनोद चर्चिलच्या नावावर सांगतात. तो त्याचाच असल्याचा पुरावा नाही, पण क्रियापद फोडलं की काय होतं ते त्यातून चांगलं दिसतं.

आता माझी खरी तक्रार. 'पुट अप विथ म्हणजे सहन करणे' हे पोरांच्या वहीत असतं आणि तिथूनच गडबड सुरू होते. आपलं 'सहन करणे' फार मोठं आहे. त्यात दातदुखी येते, सासुरवास येतो, घरातल्या माणसाचा मृत्यूही येतो. 'पुट अप विथ' एवढं मोठं नाही. ते आपल्या 'चालवून घेणे', 'खपवून घेणे' याच्या जवळचं आहे. समोर काहीतरी त्रासदायक आहे, आवडत नाही, पण आपण गप्प राहतो किंवा आता राहणार नाही म्हणतो, अशा जागी ते शोभतं. उदाहरणं देतो:

समोरच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत डीजे चालू आहे: 'वी हॅव टु पुट अप विथ धिस एव्हरी इयर.'

शेजारच्या टेबलावरचा माणूस फोन स्पीकरवर टाकून बोलतो: 'हाऊ डू यू पुट अप विथ हिम?'

उद्धट उत्तर देणाऱ्या मुलाला: 'आय वोन्ट पुट अप विथ धिस.' आपण म्हणतो, हे मी खपवून घेणार नाही, अगदी त्याच चालीत.

नळाला एक दिवसाआड पाणी येतं: 'वी पुट अप विथ इट बिकॉज द रेंट इज लो.' भाडं कमी आहे म्हणून चालवून घेतो.

यातल्या दुसऱ्या वाक्यात 'हिम' शेवटी आलाय ते बघा. 'पुट हिम अप विथ' असं कधीच होत नाही. तीन शब्दांच्या मध्ये कुणालाही प्रवेश नाही.

दुःखाला मात्र हे लावू नका. 'शी पुट अप विथ हर हजबंड्स डेथ' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, नवरा गेला ही तिला एक कटकट झाली आणि तिने ती चालवून घेतली. तिथे 'शी वेंट थ्रू अ लॉट' म्हणावं. फार मोठी यातना असेल तर 'एन्ड्युअर' किंवा 'सफर' आहेत. दातदुखीला चालतं, कारण दातदुखी माणूस डॉक्टरकडे जाईपर्यंत चालवून घेतोच.

आणखी एक. 'विथ'नंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतं. 'आय कान्ट पुट अप विथ वेटिंग फॉर आवर्स.' इथे 'टु वेट' केलंत तर चूक.

जेवायची वेळ झाली. 'पुट मी अप'चं नंतर लिहितो.

शुद्धलेखन

नायबसाहेबांनी छान लिहिलंय, पण मुळावर बोट ठेवलं नाही. कचेरीतलं 'पुट अप' हे चुकीचं इंग्रजी आहे. फाईल 'सबमिट' करतात. 'व्हेअर आर यू पुटिंग अप' हेही आपलंच भारतीय घरगुती उत्पादन. ताईंनी मुलीला या दोन्हीपासून लांब ठेवावं. शिवाय १९६४ चा राजभाषा अधिनियम असताना शेरे इंग्रजीत का? 'सादर करावे' एवढं लिहिता येत नाही का?

ग्लासगोकर

मूळ गाव चिपळूण, बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे. पुतण्याच्या वाक्याबद्दल मी सांगतो.

'पुट समवन अप' म्हणजे एखाद्याला आपल्या घरी मुक्कामाला ठेवून घेणं. आपण म्हणतो ना, "दोन दिवस त्याच्याकडे उतरलो होतो." त्यातला उतरवून घेणारा माणूस 'पुट अप' करतो. 'दे पुट अस अप फॉर द नाइट.' 'कुड यू पुट मी अप टिल संडे?' इथे माणूस मध्येच बसतो. पुतण्याचं वाक्य बिनचूक आहे. हे थोड्या दिवसांसाठीच म्हणायचं. भाडेकरूबद्दल 'माय लँडलॉर्ड इज पुटिंग मी अप' म्हटलं तर लोकांना वाटेल, बिचारा घरमालक भाडं न घेताच ठेवून घेतोय.

'व्हेअर आर यू पुटिंग अप?' इथे ऐकलं तर माणूस समजून घेतो, पण जुनाट वाटतं. आणि पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला असं विचारलं तर त्याचा अर्थच लागत नाही. 'व्हेअर डू यू लिव्ह?' म्हणायचं, किंवा पाहुणा म्हणून आला असेल तर 'व्हेअर आर यू स्टेइंग?' पण मी ग्लासगोत आहे म्हणून सांगतो, इथली माणसं 'व्हेअर डू यू स्टे?' असंही विचारतात आणि त्यांना म्हणायचं असतं, तुझं घर कुठे. मी नवा असताना कुणी असं विचारलं की हॉटेलचं नाव सांगायचो. त्यामुळे आपल्याकडच्या 'पुटिंग अप'ला मी तरी फार हसत नाही.

रोजचं 'पुट अप' इथे ऐकू येतं ते वेगळंच. सगळ्यात जास्त छत्रीच्या बाबतीत, कारण पाऊस. 'पुट युअर अम्ब्रेला अप' म्हणजे छत्री उघड. मिटायला सांगताना 'पुट इट डाऊन'. कोटाची टोपी डोक्यावर ओढून घ्यायची तर 'पुट युअर हूड अप'. वर्गात हात वर करायचा तर 'पुट युअर हँड अप'. केस वर बांधायचे, आपल्या आईलोकांसारखा अंबाडा घालायचा, तर 'शी पुट हर हेअर अप'. भिंतीवर फळी ठोकायची, पडदे लावायचे, तंबू ठोकायचा, सगळ्याला 'पुट अप'. घरभाडं वाढवलं तर 'दे हॅव पुट द रेंट अप'. अमेरिकन माणूस तिथे 'रेज' म्हणतो.

एक आवडीचं सांगतो. 'पुट अप अ गुड फाइट'. चांगली झुंज दिली. पण हे बहुतेक वेळा हरलेल्याबद्दल म्हणतात. इथल्या संघाने सामना हरला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात हेच कानावर पडतं.

निवृत्त_नायब

ग्लासगोकर, छत्रीचं मला सुचलं नसतं. इथेही पाऊस पडतो, पण आम्ही 'ओपन' म्हणून मोकळे होतो.

शुद्धलेखन यांना सांगतो. राजभाषेबद्दल तुमच्याशी सहमत. मी स्वतः नोकरीभर 'आदेशार्थ सादर', 'मान्यतेस्तव सादर', 'अवलोकनार्थ सादर' असंच लिहिलं आणि त्यात जी बारीक छटा आहे ती एकट्या 'पुट अप'मध्ये नाही. आदेश हवा आहे, होकार हवा आहे, की नुसती नजर टाकायची आहे, हे आपला कारकून एका शब्दात सांगतो. इंग्रजीत शेरा मारणाऱ्याला त्यासाठी पुढे 'फॉर ऑर्डर्स', 'फॉर अप्रूव्हल' अशी शेपूट लावावी लागते.

पण 'चुकीचं इंग्रजी' हे मान्य नाही. प्रस्ताव किंवा उमेदवार पुढे करणं याला 'पुट अप' म्हणणं ही इंग्रजांचीच रीत आहे. 'दे पुट अप अ कँडिडेट', 'शी पुट अप अ स्ट्राँग केस' ही वाक्यं तिकडच्या वर्तमानपत्रात येतात. खालच्याने वरच्यापुढे कागद ठेवायचा, यात तोच 'पुढे करणे'चा अर्थ आहे. आपल्याकडे फक्त कर्म गाळून नुसतं 'प्लीज पुट अप' एवढंच लिहायची सवय लागली आणि ती बाहेरच्याला कळत नाही. तेव्हा ताई, कार्यालयाच्या आत बिनधास्त वापरा. कार्यालयाबाहेर, म्हणजे एखाद्या कंपनीला किंवा परदेशी माणसाला लिहिताना 'सबमिट' किंवा 'सेंड' करा.

'व्हेअर आर यू पुटिंग अप'ची कुळकथाही अशीच. पूर्वी इंग्लंडात प्रवासी घोड्यावरून किंवा घोडागाडीतून धर्मशाळेवजा खाणावळीत मुक्कामाला उतरत. घोडे तबेल्यात बांधणं हे 'पुट अप द हॉर्सेस' आणि माणसाने मुक्काम करणं हे 'पुट अप अ‍ॅट अ‍ॅन इन'. त्या काळच्या इंग्रजी गोष्टींत हे पानोपानी सापडतं. तिकडे घोडे गेले, खाणावळी बदलल्या, शब्द मागे पडला. आपल्याकडे तो टिकला. टिकता टिकता मुक्कामापुरता न राहता कायमच्या राहण्यालाही लागला. तेव्हा उत्पादन घरगुती नाही, फक्त मुदत आपण वाढवली.

आता ताईंचा मूळ प्रश्न, कोणता शब्द कुठे.

'पुट अप' दोन शब्दांचं असलं आणि त्याला कर्म असलं की कर्माला दोन जागा आहेत. 'आय पुट अप द नोटीस' म्हणा की 'आय पुट द नोटीस अप', दोन्ही बरोबर, अर्थ एकच. पण नोटिशीऐवजी 'इट' आलं की 'अप'नंतरची जागा बंद. 'आय पुट इट अप'. 'आय पुट अप इट' म्हणू नये. हिम, हर, देम, अस, मी, सगळ्यांना हाच नियम, म्हणूनच पुतण्या 'पुटिंग मी अप' म्हणतो. असं का? 'इट' हा फार हलका शब्द आहे आणि इंग्रजीला वाक्याच्या शेवटी वजनदार शब्द लागतो. 'अप' जोरात म्हणतात, म्हणून तो शेवटी. उलट कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ढकलावं. 'वी पुट अप द नोटीस दॅट केम फ्रॉम द कलेक्टर्स ऑफिस यस्टर्डे.' यातला 'अप' पार शेवटी नेऊन ठेवलात तर ऐकणारा तो येईपर्यंत क्रियापद विसरून जाईल.

माझ्या क्लासात एक पोरगा आहे, शेतकऱ्याचा, डोक्याने तल्लख. तो विचारतो, सर, एका 'अप'ने एवढं कसं बदलतं? मी त्याला म्हटलं, 'बोलून गेला', 'बोलून टाकलं', 'बोलून दाखवलं', 'बोलून ठेवलं' यात फरक काय ते सांग. त्याने पटकन सांगितला. 'बोलून गेला'त बोलणारा भानावर नव्हता, 'बोलून टाकलं'त मोकळा झाला, 'दाखवलं'त समोरच्याला सुनावलं, 'ठेवलं'त पुढची सोय करून घेतली. हे तुला कुणी शिकवलं, म्हटलं. कुणीच नाही. मागचं छोटं क्रियापद अर्थ कसा फिरवतं हे आपण आईच्या कडेवर बसून शिकलो. इंग्रजांची पोरं 'अप' आणि 'ऑफ' तशीच शिकतात. बाहेरून शिकणाऱ्याला ते जड जाणारच. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की परकीयांना सगळ्यात जास्त छळतात ती ही असली क्रियापदं. तेव्हा आपण एकटे नाही.

म्हणून वहीत 'पुट अप विथ = सहन करणे' असं लिहू देऊ नका. त्याऐवजी घरातलं एक अख्खं वाक्य लिहायला लावा, ज्यात माणूस कोण, वस्तू कोणती, हे दिसतं.

पायवाट

काका, ग्लासगोकर, खूप आभार. डब्याच्या सुट्टीत आम्ही तिघी बसून वाक्यं केली. तपासून द्याल का? मुद्दाम आमच्या रोजच्या गोष्टी घेतल्यात.

आवर लँडलॉर्ड पुटेड अप द रेंट.

माय सिस्टर-इन-लॉ पुट अप अस फॉर टू नाइट्स.

दे आर पुटिंग अप अ मांडव इन फ्रंट ऑफ आवर हाऊस.

आय कान्ट पुट अप विथ टु स्टँड इन द बस एव्हरी डे.

प्लीज पुट अप माय लीव्ह अ‍ॅप्लिकेशन टु द सीईओ.

माय हजबंड पुट अप विथ माय कुकिंग. (हे मैत्रिणीचं आहे, माझं नाही.)

निवृत्त_नायब

सगळी वाक्यं खरी वाटतात, बरं वाटलं. एकेक बघू.

घरमालकाचं: 'पुटेड' नावाचा शब्द नाही. पुट, पुट, पुट. काल केलं तरी पुट, केलेलं असलं तरी पुट. 'आवर लँडलॉर्ड पुट अप द रेंट' किंवा 'पुट द रेंट अप'. भाडं वाढून आता तुम्ही ते भरता आहात असं म्हणायचं असेल तर 'हॅज पुट अप'.

नणंदेचं: 'पुट अस अप फॉर टू नाइट्स'. 'अस' हलका आहे, मध्ये जाईल. इथे माझ्या पोरांची दर वेळी चूक होते, म्हणून फळ्यावर आम्ही 'इट', 'मी', 'अस' यांच्याभोवती चौकट काढतो आणि 'पुट' आणि 'अप' दोन्हीकडून तिला धरतात.

मांडवाचं: बरोबर. मांडव, कमान, व्यासपीठ, रंगमंच, सगळं 'पुट अप'. मराठी नसलेल्या माणसाला सांगताना 'पँडल' म्हणा, एवढंच. मांडव काढायचा झाला की 'टेक डाऊन'.

बसचं: 'पुट अप विथ स्टँडिंग'. 'विथ'नंतर 'इंग'.

रजेच्या अर्जाचं: तुमच्या कार्यालयात बिनचूक. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपर्यंत फाईल अशीच जाते. बाहेर 'सबमिट'.

मैत्रिणीच्या नवऱ्याचं: रोजचं असेल तर 'पुट्स अप विथ', शेवटचा 'स' हवा. तो नसेल तर वाक्य भूतकाळात जातं आणि अर्थ निघतो की पूर्वी चालवून घ्यायचा. मग आता काय करतो, असं लोक विचारतील. लिहिताना 'पुटिंग'मध्ये टी दोनदा येतो, तेवढं मुलीला सांगा.

शुद्धलेखन

घोड्यांबद्दलची माहिती मला नवीन होती. 'मुदत आपण वाढवली' हे पटलं. तरी मी माझ्या मुलांना 'व्हेअर आर यू स्टेइंग'च शिकवणार.

ग्लासगोकर

शिकवा, बिनधास्त शिकवा. फक्त ग्लासगोला आले तर त्यांना सांगून ठेवा.

ताई, मैत्रिणीच्या वाक्याला आणखी एक रूप द्या. स्वयंपाक चांगला असेल आणि पाहुण्याला नम्रपणे निरोप घ्यायचा असेल, तर इथे पाहुणा जाताना म्हणतो, 'थँक्स फॉर पुटिंग मी अप.' यजमान गमतीने उत्तर देतो, 'थँक्स फॉर पुटिंग अप विथ अस.' ठेवून घेतल्याबद्दल आभार, आणि आम्हाला चालवून घेतल्याबद्दल आभार. एका दारात उभं राहून दोन्ही क्रियापदं होतात.

पायवाट

हे वाक्य मुलीने वहीत उतरवून घेतलं. तिचा एक प्रश्न आलाय. तिच्या पुस्तकातल्या एका उताऱ्यात 'हू पुट यू अप टु धिस?' असं आहे. इथे मुक्काम कुठून आला?

निवृत्त_नायब

मुक्काम नाही. इथे 'टु' चिकटलाय. 'पुट समवन अप टु समथिंग' म्हणजे कुणाला तरी फूस लावणं, चिथावून एखादं काम करायला लावणं, आणि ते काम बहुतेक वेळा खोडसाळपणाचं असतं. 'हू पुट यू अप टु धिस?' म्हणजे हे तुला कुणी शिकवलं, कुणाच्या सांगण्यावरून केलंस. वर्गात खडू फेकणाऱ्या पोराला मास्तर विचारतो तसं. माणूस मध्ये, काम शेवटी: 'हिज ब्रदर पुट हिम अप टु इट.' 'टु'नंतर क्रियापद आलं तर इथेही 'इंग', 'पुट हिम अप टु स्टीलिंग मँगोज'. चांगल्या कामाला लावलं तर हे वापरत नाहीत. 'माय टीचर पुट मी अप टु द स्कॉलरशिप एक्झाम' म्हटलं तर शिक्षकांनी काहीतरी काळंबेरं केल्यासारखं वाटतं. तिथे 'एनकरेज' करावं.

आणि आधीच संगनमत करून रचलेल्या प्रकाराला 'पुट-अप जॉब' म्हणतात. चोरी झाली असं दाखवलं, पण चोर घरातलाच निघाला, अशा गोष्टींत हा शब्द येतो. तुमच्या साहेबांच्या 'पुट अप'शी त्याचा संबंध नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. नाहीतर ती पुन्हा हसेल.